अर्ज कुणाच्या नावानं?

फळ्यावर एका जोडप्याची माहिती होती. नवरा ३४ वर्षांचा, बी.ई. मेकॅनिकल, तळोज्याच्या कारखान्यात नऊ वर्षं नोकरी, आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत बऱ्यापैकी गुण. बायको ३० वर्षांची, एम.फार्म., औषध कंपनीत पाच वर्षं, आयएल्ट्स उत्तम. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्री या स्थलांतराच्या योजनेसाठी यांचे गुण काढा, असं मॅडमनी सांगितलं आणि त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. वर्गातल्या सगळ्यांनी, बायकांनीसुद्धा, ‘मुख्य अर्जदार’ या रकान्यात नवऱ्याला बसवलं.

हिशेब असा झाला. वयाचे ७५, शिक्षणाचे ११२, इंग्रजीचे ८८. जोडीदार म्हणून बायकोच्या शिक्षणाचे १० आणि तिच्या इंग्रजीचे २०. शिवाय शिक्षण, अनुभव आणि भाषा यांची सांगड घालून मिळणारे ३८. एकूण ३४३.

“आता उलटं करा,” मॅडम म्हणाल्या.

बायको मुख्य अर्जदार झाली तर वयाचे ९५, शिक्षणाचे १२६, इंग्रजीचे ११६. जोडीदार नवऱ्याच्या शिक्षणाचे ८ आणि इंग्रजीचे १२. सांगडीचे पुरते १००. एकूण ४५७. घर तेच, कागद तेच, आणि फरक ११४ गुणांचा. कुणीतरी कॅल्क्युलेटर पुन्हा दाबून पाहिला.

“फोन नवऱ्याचाच येतो. ‘माझी फाइल करायचीय’ असंच तो म्हणतो,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही विचारायचं, वहिनी काय करतात? निम्म्या वेळा तो म्हणतो, ती आहे घरीच. मग कळतं, बाळंतपणासाठी वर्षभर सुट्टीवर आहे आणि एम.फार्म. आहे.”

नवीन पनवेलात स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर हा वर्ग भरतो. गुणांवर चालणाऱ्या वर्क व्हिसाच्या आणि स्थलांतराच्या नियमांचं प्रशिक्षण, सल्लागारांसाठी. मी शिकायला नव्हे, बघायला बसलो होतो. समोर आयएल्ट्सची शिकवणी घेणाऱ्या दोघीजणी, कामोठ्याचा एक तिकीट एजंट, नुकताच एलएल.बी. झालेला मुलगा, विमा एजन्सी सांभाळून जोडधंदा शोधणारे एक गृहस्थ, आणि जहाजावरून निवृत्त झालेले एक मरीन इंजिनिअर, ज्यांना सगळे काका म्हणत होते. शिकवणाऱ्या मॅडम काही वर्षं ओंटारिओत राहून परतलेल्या. त्यांच्याकडे तिथला सल्लागाराचा परवाना आहे, आणि या वर्गाला त्याचं फार महत्त्व आहे. ते का, ते पुढे येईल.

अशा वर्गाला पनवेलमध्ये गिऱ्हाईक का मिळावं, याचं उत्तर आजूबाजूलाच आहे. एका बाजूला तळोजा एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला जेएनपीटी आणि तिच्या आगेमागे वाढलेलं जहाजवाल्यांचं जग, आणि आता डिसेंबर २०२५ पासून सुरू झालेलं विमानतळ. पण इथून लोक परदेशी जाणं काही आजचं नाही. पनवेलचं बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचं आहे. इस्रायल स्थापन झाल्यावर रायगडातली कितीतरी बेने इस्रायली कुटुंबं तिकडे गेली. त्यांना ना वयाचे गुण भरावे लागले ना इंग्रजीचे. १९५० च्या परतीच्या कायद्यात प्रश्न एकच होता, तुम्ही ज्यू आहात का. त्या एका प्रश्नावरूनही पुढे त्यांना बराच मनस्ताप झाला, हे वेगळं. गुणांची पद्धत कॅनडानं १९६७ मध्ये आणली ती माणसाचा वंश आणि मूळ देश बघण्याच्या जुन्या रीतीला पर्याय म्हणून. ती न्याय्य आहे का, हे ज्यानं त्यानं ठरवावं. निदान तक्ता सगळ्यांसाठी एकच असतो.

एकच म्हणायचं, पण तक्ते दोन. हा नवशिक्यांचा पहिला घोळ. फेडरल स्किल्ड वर्कर या वर्गात शंभरपैकी ६७ गुण लागतात, ते फक्त दारातून आत यायला. आत गेल्यावर बाराशे गुणांची दुसरी मोजणी, आणि त्या रांगेतून वरची माणसं उचलली जातात. रस्त्यावरच्या जाहिरातीत ‘६७ गुण? तुम्ही पात्र!’ असं लिहिलेलं असतं ते खोटं नसतं. नुसतं अर्धं असतं. नोकरीच्या ऑफरचे ५० किंवा २०० गुण मिळायचे, तेही २५ मार्च २०२५ पासून बंद झाले. तरी त्या ऑफर विकणारे अजून आहेत, असं तिकीट एजंट म्हणाला. तो ओळखत होता, नावं त्यानं घेतली नाहीत.

आयएल्ट्सवाल्या बाईंना मॅडमनी पुढचं गणित दिलं. त्याच एम.फार्म. बाईंना ऐकण्याच्या परीक्षेत ८ ऐवजी ७.५ मिळाले, बाकी तिन्हीत आहे तेच, तर? उत्तर काढताना बाईंचा चेहरा उतरला. ऐकण्याचेच ७ गुण गेले, हे सरळ. पण सांगडीच्या गुणांना चारही कौशल्यांत वरची पातळी लागते, त्यामुळे तिथले १०० चे ५० झाले. ४५७ चे ४००. अर्ध्या बँडला ५७ गुण. “आणि मी मुलांना सांगते, साडेसात म्हणजे छान,” त्या म्हणाल्या. त्यात तिशीपासून चाळिशीपर्यंत दर वाढदिवसाला पाच गुण कमी होत जातात. म्हणजे पुन्हा परीक्षा द्यायची का, हा प्रश्न नुसत्या अभ्यासाचा राहत नाही, कॅलेंडरचाही होतो.

इथपर्यंत आकडेमोड. ती आठवीतलं मूलही करेल, आणि सरकारी संकेतस्थळावरचं गणनयंत्र तर फुकट करून देतं. मला वाटतं, या धंद्याची सगळी फसगत इथेच आहे. गुण जोडायला सोपे असतात म्हणून सल्ला सोपा वाटतो. पण प्रत्येक गुण एका कागदाला टांगलेला असतो, आणि वर्गाचा बराचसा वेळ त्या कागदांवरच गेला.

मॅडमनी अनुभवाच्या दाखल्याची एक प्रत वाटली, नावं काळी केलेली. कंपनीचा लेटरहेड, खाली तीन ओळी. अमुक हे आमच्याकडे अमुक तारखेपासून ‘असिस्टंट मॅनेजर’ या पदावर काम करतात, त्यांची वर्तणूक समाधानकारक आहे, त्यांना पुढील वाटचालीस शुभेच्छा.

“यात काय नाही?”

काम काय करतात ते नाही, पगार नाही, आठवड्याचे तास नाहीत. कॅनडाला आठवड्याला तीस तास म्हणजे पूर्णवेळ, आणि ते लिहिलेलं असावं लागतं. “वर्तणुकीला गुण नाहीत,” मॅडम म्हणाल्या. ‘असिस्टंट मॅनेजर’ या हुद्द्यालाही नाहीत. तिकडच्या व्यवसाय-यादीत हुद्दा बघत नाहीत, रोजचं काम बघतात. हा माणूस यंत्रांचं डिझाइन करत असेल तर २१३०१, मेकॅनिकल इंजिनिअर. शिफ्ट सांभाळत असेल तर दुसरा आकडा. बाहेरून माल तपासून घेत असेल तर तिसराच. सल्लागारानं समोरच्याला विचारायचं, काल सकाळी कामावर गेल्यापासून काय काय केलंत ते सांगा. आणि ऐकत बसायचं, मध्ये शब्द पुरवायचे नाहीत.

एलएल.बी. मुलानं विचारलं, यादीतलं वर्णनच एचआरला मेल करून दाखल्यात उतरवून घेतलं तर? मॅडमचा आवाज पहिल्यांदाच चढला. यादीतली वाक्यं जशीच्या तशी उतरलेली अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटत नाहीत. न केलेलं काम केलं म्हणून लिहिलं तर ती चुकीची माहिती, आणि तिची शिक्षा पाच वर्षं दार बंद. तीही अर्जदाराला, दाखला सुचवणाऱ्याला नव्हे. कंपनी लिहून देत नसेल तर वरिष्ठाचं पत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, पीएफचा उतारा आणि दाखला का मिळत नाही याचं खरं कारण, असं जोडायचं.

काका हसले. “आमच्या सीडीसीत, जहाजी नोंदपुस्तकात, बरं. चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, बंदर, शिक्का.” मग त्यांनीच पेच टाकला. सहा महिने जहाजावर, तीन महिने घरी, पुन्हा जहाज. नियम तर किमान एक वर्ष सलग अनुभव म्हणतो. घरचे महिने धरायचे की नाही?

“काका, याचं उत्तर तुम्ही द्यायचं नाही. ही फाइल माझ्या टेबलावर आणायची.”

दुपारनंतर ब्रिटन. तिथे मॅडमनी एकच सवय अंगी लावून घ्यायला सांगितली. कागद उघडला की वर उजव्या कोपऱ्यात आजची तारीख लिहायची आणि कुठल्या तारखेचा नियम वापरला तेही. ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसाला ७० गुण लागतात, पण तिथं रस्सीखेच नाही. मान्यताप्राप्त मालकाची नोकरी २०, कामाची पातळी २०, इंग्रजी १०, आणि उरलेले २० पगाराचे, त्यात काही सवलतींची अदलाबदल. ७० भरले तर भरले. फक्त जमीन हलत राहते. पगाराची सर्वसाधारण पायरी २६,२०० पौंड होती, ती ४ एप्रिल २०२४ ला ३८,७०० झाली आणि २२ जुलै २०२५ ला ४१,७००. त्याच दिवशी कामाची पातळी बारावीच्या आसपास होती ती पदवीच्या पातळीवर नेली, आणि परदेशातून नव्यानं केअर वर्कर घेणं बंद केलं. ८ जानेवारी २०२६ पासून इंग्रजीची पातळीही बी-१ वरून बी-२ वर गेली. वर्षाला ३०,००० पौंडांची ऑफर असलेल्या एकाच माणसाला मार्च २०२४ मध्ये ‘बहुधा हो, पदाचा चालू दर बघू’ आणि महिनाभरानं ‘सवलत नसेल तर नाही’ असं सांगावं लागलं असतं. दोन्ही उत्तरं बरोबर. तारीख नसलेलं उत्तर तेवढं चूक.

जर्मनीसाठी मॅडमनी दोन फायली दिल्या, आणि मला वाटतं या दोन फायली मुद्दाम शेजारी ठेवलेल्या होत्या. जून २०२४ पासून जर्मनीनं ‘चान्सेनकार्टे’ सुरू केलं आहे. सहा गुण असले की वर्षभर तिथं राहून नोकरी शोधता येते. महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून आयटीआयच्या मुलांत जर्मनीचं वारं आहेच.

पहिली फाइल फिटरची. वय ३१, सहा वर्षं सलग अनुभव, जर्मन ए-२. अनुभवाचे ३, वयाचे २, भाषेचा १. बरोबर सहा. खात्यात अडकवून ठेवायचे पैसे हा पुढचा डोंगर, २०२५ च्या दरानं महिन्याला १,०९१ युरो, वर्षाचे १३,०९२, म्हणजे आपले तेरा-चौदा लाख. पण गुण भरले.

दुसरी वेल्डरची. वय ३३, अनुभव बारा वर्षं, त्यातली चार आखातात. जर्मन बी-१. अनुभवाचे ३, वयाचे २, भाषेचे २. सात. विमावाल्यांनी ‘पात्र’ लिहून पेन ठेवलं.

पात्र नाही. गुण मोजायच्या आधीची अट आहे. पदवी नसेल तर किमान दोन वर्षांचं सरकारमान्य व्यावसायिक प्रशिक्षण लागतं. आयटीआयचा फिटर दोन वर्षांचा, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा. वेल्डर एक वर्षाचा. वर्गात थोडी कुजबुज झाली. बारा वर्षं काम केलेल्या, भाषाही जास्त शिकलेल्या माणसाला एका शैक्षणिक वर्षापायी दार बंद, हे कुणालाच पटत नव्हतं, आणि मलाही पटलं नाही. मॅडमनी ते पटवून द्यायचा प्रयत्न केला नाही. एवढंच म्हणाल्या की हा माणूस जर्मन शिकण्यात पैसा आणि वर्ष घालवून तुमच्याकडे आला आहे. क्लास लावण्याआधी कुणी त्याचं आयटीआयचं प्रमाणपत्र उघडून बघितलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटचा तास कायद्याचा, आणि तिथे वर्ग खरा जागा झाला. सल्ला देण्याचा हक्क कुणाला? कॅनडाचा कायदा स्पष्ट आहे. पैसे घेऊन सल्ला फक्त तिथल्या वकिलानं किंवा पॅरालीगलनं, क्वेबेकच्या नोटरीनं किंवा सल्लागारांच्या नियामक संस्थेच्या परवानाधारकानं द्यायचा, मग तो टोरोंटोत बसलेला असो की पनवेलमध्ये. तो परवाना हवा तर आधी क्वीन्स विद्यापीठाची किंवा फ्रेंचमधून माँट्रियल विद्यापीठाची पदविका, मग परीक्षा. आणि बहुतेकांना हे ठाऊक नसतं, पण परवाना मागणारा कॅनडाचा नागरिक किंवा कायमचा रहिवासी (पीआर) असावा लागतो. म्हणजे समोर बसलेल्यांपैकी कुणालाच तो मिळणार नाही. त्यांनी कागद गोळा करायचे, तपासायचे, नीट लावायचे. सल्ला मॅडमचा, सही मॅडमची.

आपल्याकडे उलट गंमत. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशातल्या मालकासाठी माणसं भरती करायची तर नोंदणी लागते, आणि कामगाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. पण नुसता व्हिसाच्या नियमांचा सल्ला विकायला शॉप अ‍ॅक्टचा दाखला असला की पुरतं. केस कापायचं दुकान आणि परदेशी आयुष्य आखून देण्याचं दुकान, दोन्ही एकाच नोंदणीवर. मला हे बरोबर वाटत नाही, आणि अशा वर्गांची फी भरून शिकणारे थोडेच असतील, हेही दिसतं.

विमावाल्यांनी तेव्हा पिशवीतून फ्लेक्सचा नमुना काढला. संध्याकाळी सातच्या आत छापायला टाकायचा होता. जर्मनी, कॅनडा, यूके. गॅरंटीड व्हिसा. जॉब लावून मिळेल. मॅडमनी लाल पेन घेऊन ‘गॅरंटीड’ खोडलं. मग ‘कॅनडा’. मग ‘जॉब लावून मिळेल’, कारण ते लिहिलं की भरतीचा परवाना नसताना भरती झाली.

“मग एवढ्या जागेत टाकू काय?” त्यांनी विचारलं.

“‘मूळ प्रमाणपत्रं सोबत आणावीत’ असं टाका,” मॅडम म्हणाल्या. “मोठ्या अक्षरात.”