काळाला चकवणारी नावं

नवसासायासानं झालेलं बाळ. टपोरे डोळे, डोक्यावर भरघोस जावळ. बाराव्या दिवशी पाळणा सजला, शेजारपाजारच्या बायका जमल्या, आत्यानं बाळाच्या कानाशी तोंड नेऊन ‘कुर्र’ केलं आणि साऱ्या घरानं विचार करकरून ठरवलेलं नाव सांगितलं. दगडू.

आज बाळाचं नाव ठरवताना आईबाप काय काय तपासतात ते आठवा. शाळेत पोरं चिडवतील का? परदेशात गेला तर त्याचा उच्चार भलताच होईल का? या नावाचा कुणी बदनाम माणूस तर नाही ना? नावाला कुठलीही नकोशी आठवण चिकटलेली नसावी, यासाठी घरोघरी केवढा खल चालतो! आणि आपल्याच पणजोबांच्या काळात आईबाप वाईट अर्थाचं नाव मुद्दाम शोधून काढत होते. तेही सगळ्यात लाडक्या लेकरासाठी.

पटत नसेल तर गावाकडच्या जमिनीचा जुना सातबारा काढून बघा. धोंडू, दगडू, केरू, कचरू, भिकू, भिकाजी, विदर्भात गेलात तर उकर्डा. दगड, केर, भीक आणि उकिरडा ही काय तान्ह्या बाळाला हाक मारायची नावं झाली? (सगळेच धोंडू असे नव्हेत. काही धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे अधिक मासात, जन्मले म्हणूनही धोंडू झाले.)

हे कोडं सुटतं ते मृत्यूच्या आकड्यांनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी दोनशेहून जास्त बाळं पहिला वाढदिवस बघत नसत. पाचातलं एक! २०२० साली महाराष्ट्रात हाच आकडा हजारी १६ होता. देवी, पटकी, घटसर्प हे रोग तर होतेच. शिवाय नाळ कापायच्या विळ्यातून किंवा पात्यातून शिरणारा धनुर्वात होता. तो जन्मानंतर साधारण आठवडाभरात बाळाला गाठतो. आपल्याकडे सटवाई कपाळावर नशीब लिहायला येते ती सहाव्या रात्री आणि बारसं होतं बाराव्या दिवशी. मला तर या हिशोबात शेकडो वर्षं लेकरं गमावलेल्या आयांचं निरीक्षण दिसतं. धोक्याचे दिवस सरल्याशिवाय नाव ठेवायचं नाही.

एकामागून एक दोन-तीन लेकरं गेली की घरचे एका निष्कर्षाला येत. कुणीतरी बघतंय. सुंदर, गुणी, हवीहवीशी बाळं हेरून उचलून नेतंय. मग नव्या बाळाला लपवायचं कसं? गालाला काजळाची तीट लावतो तशीच ही नावाला लावलेली तीट. ‘दगडू’ अशी हाक ऐकून त्या अदृश्य चोराला वाटावं, इथे काय आहे, एक दगडच तर आहे, चला पुढे.

म्हणजे गंमत बघा. ते नाव बाळासाठी नव्हतंच! हाक मारली जायची बाळाला, ऐकवायची असायची काळाला. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात एक तिसरा श्रोता होता. हे एकदा लक्षात आलं, की जगभरातली चक्रावून टाकणारी नावं एकदम उलगडायला लागतात.

चीनच्या खेड्यांत लाडाचं एक नाव असे ‘गौशंग’, म्हणजे कुत्र्यानंही खाऊन टाकून दिलेलं. रोमन अमलाखालच्या इजिप्तमधल्या पपायरसच्या कागदांवर ‘कोप्रेउस’, ‘कोप्रिया’ अशी नावं आढळतात. ग्रीक भाषेत कोप्रिया म्हणजे उकिरडा. त्या काळी नकोशी बाळं उकिरड्यावर टाकली जात आणि कुणी उचलून वाढवलं तर ते नाव चिकटे. पुढे तीच नावं चांगल्या घरांतही पिढ्यान्‌पिढ्या चालली. नाईलच्या काठचा कोप्रेउस आणि वऱ्हाडातला उकर्डा! दोघांमध्ये हजारो मैल आणि दीड-दोन हजार वर्षं. एकमेकांची भाषा ठाऊक नाही, आणि नाव मात्र एकच.

काही ठिकाणी नुसतं नाव पुरत नसे, चक्क व्यवहार व्हायचा. आई बाळ ‘विकून’ टाकायची, मग ते परक्याचं म्हणून सांभाळायची. काळ या आईची लेकरं नेतो ना? मग हे तिचं नाहीच मुळी, विकलंय! बंगालमध्ये तीन कवड्यांना विकलेला तो तिनकडी, पाच कवड्यांना विकलेला पाचकडी. १८८९ साली मेदिनीपूर जिल्ह्यात एका घरी मुलगा झाला. त्याच्या आधीचे दोन भाऊ दगावले होते. आईनं तो आपल्याच थोरल्या लेकीला विकला. किंमत, तीन मुठी तांदळाची कणी. बंगालीत कणीला म्हणतात खुद, म्हणून तो पोरगा झाला खुदिराम. हो, तोच. खुदिराम बोस.

तीन मुठी कण्यांच्या बदल्यात काळाच्या नजरेतून वाचवलेला हा मुलगा ११ ऑगस्ट १९०८ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, मुझफ्फरपूरच्या बॉम्बखटल्यात फासावर गेला. त्या बॉम्बवरून ‘केसरी’त लिहिलेल्या लेखांसाठी टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला आणि त्यांना मंडालेला सहा वर्षं काढावी लागली. आज खुदिराम म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांपुढे कणी येते?

इथे मी दर वेळी थबकते. नावाचा कोशातला अर्थ आणि नाव ऐकल्यावर मनात उमटणारा अर्थ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. नाव नवं असतं तोवर आपण त्याचा शब्द ऐकतो. त्या नावाचा माणूस भेटला, की शब्द मागे पडतो आणि माणूस ऐकू येतो. पुण्यात ‘दगडूशेठला जाऊन येऊ’ असं म्हणताना कुणालाही दगड दिसत नाही. दिसतो दागिन्यांनी मढलेला गणपती. खुद्द दगडूशेठ हलवायांचा मुलगा प्लेगमध्ये गेला आणि त्या दुःखातून हा गणपती बसवला गेला, असं सांगतात. धोंडो केशव कर्वे १०४ वर्षं जगले आणि शंभराव्या वर्षी भारतरत्न झाले. आता ‘धोंडो’च्या पुढे आपोआप ‘महर्षी’ लागतं.

आणि अहिल्या! पुराणातली अहिल्या शापानं शिळा झालेली. असं नाव लेकीला ठेवावं का, म्हणून कुणी कचरलं असतं तर नवल नव्हतं. १७२५ साली चौंडीच्या शिंद्यांनी ते आपल्या मुलीला ठेवलं. त्या मुलीनं माळव्याचं राज्य चालवलं, घाट बांधले, विहिरी खोदल्या, १७८० साली काशीविश्वनाथाचं देऊळ उभं केलं. २०२४ साली अहमदनगर जिल्ह्याला तिचं नाव मिळालं. शापाची गोष्ट पुसली गेली नाही. तिच्यावर दुसरी, जास्त मोठी गोष्ट लिहिली गेली. कैकेयीला आणि मंथरेला अशी एखादी अहिल्याबाई लाभली नाही.

हीच किमया उलट्या दिशेनंही चालते. बारामतीच्या एका घरात तीन मुलगे तान्हेपणीच गेले होते, जगली होती ती मुलगी. १९१० साली पुन्हा मुलगा झाला, त्याचं नाव रामचंद्र. काळ मुलग्यांनाच नेतो असं वाटून घरच्यांनी त्याला काही वर्षं मुलीसारखं वाढवलं, नाक टोचून नथ घातली. त्या नथेवरून रामचंद्राचा झाला नथुराम. नथू, नथुराम ही नावं देशात ठिकठिकाणी होती आणि त्यांच्यामागे बहुतेक हीच माया असायची. मग ३० जानेवारी १९४८ ची संध्याकाळ आली. त्यानंतर महाराष्ट्रात जन्मलेला एखादा नथुराम तुमच्या ओळखीत आहे? लेकराला जगवण्यासाठी निवडलेलं नाव एका माणसाच्या तीन गोळ्यांनी असं काळवंडलं, की नथेची गोष्ट आता फार थोड्यांना आठवते.

यावर आईबापांनी काय करावं? भविष्य तर कुणालाच दिसत नाही. करुणानिधींना १ मार्च १९५३ रोजी मुलगा झाला आणि चारच दिवसांनी तिकडे मॉस्कोत स्टालिन वारले. मुलाचं नाव ठरलं, स्टालिन. पुढे सोव्हिएत संघानंच स्टालिनचे अपराध चव्हाट्यावर मांडले, १९६१ साली स्टालिनग्राडचंही नाव बदलून व्होल्गोग्राड केलं. तामिळनाडूत मात्र ते नाव टिकलं आणि २०२१ साली मुख्यमंत्री झालं.

त्याहून विलक्षण गोष्ट अलेक्सा नावाची. २०१५ साली अमेरिकेत सहा हजारांहून जास्त मुलींना हे नाव मिळालं. त्याच सुमारास ॲमेझॉनचं बोलकं यंत्र घरोघर पोचत होतं, ‘अलेक्सा’ म्हटलं की हुकूम झेलणारं. पुढच्या पाच-सहा वर्षांत हे नाव मिळणाऱ्या मुली एक चतुर्थांशाच्याही खाली आल्या. आई पोरीला हाक मारते आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावरचं यंत्र ओ देतं! आपल्या पूर्वजांनी नाव ऐकणारा एक अदृश्य श्रोता कल्पिला होता. इथे तो खरोखरचा अवतरला, तोही विजेवर चालणारा.

आता त्या नावाकडे येते, ज्यामुळे मला हा सगळा विषय सोडवत नाही. नकुशी.

वरवर बघता ते दगडू-कचरूच्याच पंगतीतलं वाटतं. वाईट अर्थ, मुद्दाम ठेवलेलं. प्रत्यक्षात त्याची दिशा नेमकी उलटी आहे. दगडू हवा होता म्हणून नको असल्याचं सोंग केलं. नकुशीच्या नावात सोंग नव्हतं. दुसरी, तिसरी, चौथीही मुलगीच झाली की हे नाव ठेवायचं, म्हणजे देवाला कळेल की आता पुरे, पुढचा मुलगा दे. तामिळनाडूत अशीच मुलगी ‘वेंडाम’ होते, बंगालमध्ये ‘आन्नाकाली’, म्हणजे कालीमाते आता आणखी नको. चीनमध्ये ती ‘झाओदी’, धाकट्या भावाला बोलावून आणणारी. इथेही श्रोता भलताच आहे. मुलीला हाक मारायची आणि ऐकवायची देवाला, नाहीतर अजून न जन्मलेल्या भावाला. ती मधे उभी, आणि आयुष्यभर दिवसातून पन्नास वेळा तिच्या कानावर तेच नाव.

दगडूसारखी नावं मागे पडत गेली ती, मला वाटतं, उपदेशानं नव्हे, देवीच्या लसीनं आणि सुईणीच्या उकळलेल्या पात्यानं. मुलं जगायला लागली, मग काळाला फसवायची गरज उरली नाही. नकुशीला अशी लस नव्हती. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४.

त्याच २०११ साली सातारा जिल्ह्यात आरोग्य विभागानं गावोगाव फिरून या नावाच्या मुली शोधल्या. त्यात पाळण्यातल्या होत्या तशा शाळेत जाणाऱ्याही होत्या. २२ ऑक्टोबरला साताऱ्यात मोठं बारसं झालं आणि २८५ मुलींना नवी नावं मिळाली, नावाच्या प्रमाणपत्रासकट. जाणत्या मुलींनी आपली नावं स्वतः निवडली, कुणी सिनेमातल्या नटीचं, कुणी देवीचं.

बारशाच्या एवढ्या मोठ्या इतिहासात हे किती थोड्यांच्या वाट्याला येतं! नाव ठेवायच्या वेळी बाळ झोपलेलं तरी असतं नाहीतर रडत तरी असतं. त्याला विचारणार कोण? साताऱ्यातल्या त्या बारशात नाव घेणारी, ते ऐकणारी आणि ते जिच्यासाठी ठेवायचं ती, तिन्ही एकच मुलगी होती.