नवी वस्तू घडविण्याचे शिक्षण

बोईसर स्थानकातून पश्चिमेला बाहेर पडले की तारापूर औद्योगिक वसाहतीकडे निघालेल्या रिक्षांमध्ये, सकाळच्या पाळीच्या वेळी, गळ्यात ओळखपत्र अडकविलेले तरुण अभियंते हमखास दिसतात. यांतील बहुतेकांची नेमणूक उत्पादन, देखभाल किंवा गुणवत्ता नियंत्रण या विभागांत झालेली असते. ठरलेली वस्तू ठरलेल्या पद्धतीने आणि ठरलेल्या वेळात बाहेर पडावी, हे त्यांचे काम. ते कमी महत्त्वाचे मुळीच नाही. परंतु ती वस्तू मुळात कोणी ठरविली, तिचे घटक, तिचे माप आणि तिची किंमत कशावरून निश्चित झाली, हे प्रश्न त्यांच्यापर्यंत क्वचितच येतात. त्यांची उत्तरे बहुधा कारखान्याच्या बाहेर, अनेकदा देशाबाहेर दिली गेलेली असतात. असे प्रश्न विचारायला आणि त्यांची उत्तरे शोधायला शिकविणारा एक पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्याला इंग्रजी नावावरून 'प्रॉडक्ट डिझाइन अ‍ॅण्ड डेव्हलपमेंट' असे म्हणतात. मराठीत आपण त्याला उत्पादन विकास म्हणू.

या दोन कामांमधील फरक समजून घ्यायला पालघर जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. तारापूरच्या समुद्रकिनाऱ्यावर एकाच परिसरात दोन्हींचे नमुने उभे आहेत. तारापूर अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. त्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने आरेखित करून, बांधून आपल्या हवाली केलेल्या. त्या चालविणे हे कौशल्याचे काम होते आणि आपल्या अभियंत्यांनी ते उत्तम प्रकारे केले. मात्र तिसरी व चौथी अणुभट्टी ही आपली स्वतःची. प्रत्येकी ५४० मेगावॉट क्षमतेच्या या अणुभट्ट्यांपैकी चौथी आधी, म्हणजे २००५ मध्ये, व्यापारी तत्त्वावर सुरू झाली आणि तिसरी २००६ मध्ये.

तोपर्यंत आपल्याकडील स्वदेशी जड पाण्याच्या अणुभट्ट्या २२० मेगावॉटच्या होत्या. मग त्याच आराखड्याची मापे वाढविली की ५४० मेगावॉट, असे सामान्य वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तसे घडत नाही. इंधनाच्या नळ्यांची संख्या ३०६ वरून ३९२ झाली, इंधनाच्या एका जुडग्यातील कांड्या १९ वरून ३७ झाल्या, आणि गाभा इतका मोठा झाला की त्याचे वागणेच बदलले. लहान गाभ्यात शक्ती वाढली किंवा घटली, तर ती ढोबळमानाने सर्वत्र सारखी बदलते. मोठ्या गाभ्यात एका बाजूला ती वाढत असताना दुसऱ्या बाजूला घटू शकते, आणि न्यूट्रॉन शोषून घेणाऱ्या झेनॉन वायूमुळे हे हेलकावे काही तासांच्या अंतराने आलटून पालटून चालू राहतात. यावर उपाय म्हणून गाभ्याचे विभाग पाडून चौदा कप्प्यांमध्ये साधे पाणी ठेवण्याची आणि त्याची पातळी स्वतंत्रपणे कमीजास्त करण्याची व्यवस्था करण्यात आली. साधे पाणी जड पाण्यापेक्षा न्यूट्रॉन अधिक शोषते. त्यामुळे ज्या कप्प्यात पातळी वाढेल, त्या भागातील शक्ती घटते. २२० मेगावॉटच्या अणुभट्टीला अशा व्यवस्थेची गरजच पडली नव्हती. पुढे गुजरातमधील काक्रापार येथे २०२१ मध्ये वीजजाळ्याशी जोडल्या गेलेल्या ७०० मेगावॉटच्या अणुभट्टीला ५४० मेगावॉटचा हा अनुभवच आधारभूत ठरला.

उत्पादन विकासाच्या अभ्यासक्रमाचा गाभाही नेमका हाच आहे. एक गोष्ट बदलली की आणखी काय काय बदलते, हे आधी ओळखायचे, कागदावर मांडायचे, नमुना करून तपासायचे आणि मगच पैसा गुंतवायचा. दोन वर्षांच्या या पदवीत पहिल्या वर्षी ग्राहकाची गरज जाणून घेण्याच्या पद्धती, त्या गरजेचे मोजता येणाऱ्या तांत्रिक गुणांत रूपांतर, अनेक पर्यायी कल्पनांमधून निवड, साहित्याची निवड, खर्चाचा अंदाज, विश्वासार्हतेची चाचणी आणि संगणकीय आरेखन असे विषय असतात. दुसरे वर्ष बहुतांशी प्रबंधाचे, म्हणजे एखादी वस्तू प्रत्यक्ष घडविण्याचे. कार्ल उलरिच आणि स्टीव्हन एपिंजर यांचे १९९५ मध्ये निघालेले याच नावाचे पुस्तक जगभर पाठ्यपुस्तक म्हणून वापरले जाते. यंत्र अभियंत्याइतकेच लक्ष त्यात बाजारपेठेच्या जाणकाराकडे दिलेले आहे. आपल्याकडील पदवीच्या चार वर्षांत ही सवय लागत नाही. तेथे प्रश्न छापील असतो आणि उत्तर एकच असते. येथे प्रश्न कोणता, हेच आधी ठरवावे लागते.

चांगल्या उत्पादन विकासाचे उदाहरण म्हणून मोटारी किंवा मोबाइल फोन यांची नावे घेतली जातात. त्याहून जवळचे उदाहरण आपण सर्वांनी हाताळलेले आहे: इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्र. त्याचे बाह्यरूप व वापराची रचना मुंबई आयआयटीच्या औद्योगिक संरचना केंद्रातील, म्हणजे आयडीसीतील, ए. जी. राव आणि रवि पूवैया या प्राध्यापकांची. अक्षरओळख नसलेल्या मतदारालाही चिन्हासमोरचे निळे बटण सापडले पाहिजे, मत नोंदले गेल्याचे दिव्यावरून व आवाजावरून कळले पाहिजे, आणि केंद्रातील अधिकाऱ्याने परवानगी दिल्याशिवाय पुढचे मत पडता कामा नये. या अटी आतील विद्युत मंडळाच्या नाहीत, माणसांच्या आहेत. यंत्र चालणे आणि माणसाला यंत्र चालविता येणे, यांतील अंतर भरून काढणे हे या विद्येचे अर्धे काम आहे.

आता तारापूरच्या कारखान्यांकडे वळू. येथे पोलाद आणि कापड आहे, कॅम्लिनच्या रंगांसारखी स्वतःच्या नावाने दुकानात जाणारी वस्तूही आहे. पण वसाहतीची ओळख रसायनांची. रंगद्रव्ये, औषधांचे मूळ घटक आणि त्यांच्या आधीच्या टप्प्यातील 'इंटरमिजिएट' रसायने. या उद्योगात नवे उत्पादन म्हणजे नवा रेणू किंवा जुन्याच रेणूपर्यंत जाणारी नवी वाट. प्रयोगशाळेतील एक लिटरच्या चंबूत यशस्वी झालेली अभिक्रिया एक हजार लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये न्यायची, तर पात्राची लांबी-रुंदी-उंची दहापट होते, घनफळ हजारपट होते, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग शंभरपटच वाढतो. दर लिटरमागे थंड होण्याची सोय एक दशांशावर येते. चंबूत जी अभिक्रिया बर्फाच्या पाण्यात शांत राहिली, ती मोठ्या पात्रात अनावर होऊ शकते. ही साधी भूमिती उत्पादन ठरवितानाच ध्यानात घ्यावी लागते. पाळीवरच्या अभियंत्याने ती ऐनवेळी निस्तरायची नसते. तारापूर वसाहतीने मार्च २०१८ आणि जानेवारी २०२० मधील जीवघेण्या स्फोटांसारखे प्रसंग पाहिले आहेत. प्रत्येक दुर्घटनेचे कारण निराळे असते आणि त्याचा निर्णय चौकशीनेच व्हायचा. तथापि सुरक्षितता ही आराखड्यात असावी लागते, ती नंतर फलक लावून येत नाही, हे सांगायला चौकशी अहवालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

सांडपाण्याचेही तसेच. तारापूरच्या प्रदूषणाचा प्रश्न किनाऱ्यावरील मांगेला समाजाच्या संस्थेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे नेला. त्यावरील चर्चा प्रामुख्याने सामायिक प्रक्रिया केंद्राच्या क्षमतेभोवती फिरत राहिली. परंतु एक किलो मालामागे किती क्षार आणि किती द्रावक नाल्यात जाणार, हे पुष्कळसे अभिक्रियेची वाट निवडली त्या दिवशीच ठरलेले असते. रसायन अभियंत्याने हा विषय शिकायचा तर माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेकडे, म्हणजे १९३३ मध्ये स्थापन झालेल्या पूर्वीच्या यूडीसीटीकडे, पाहावे. तेथील पदव्युत्तर पदव्यांच्या नावात 'उत्पादन विकास' हे शब्द नसतील. विषय मात्र तोच आहे.

नावांचा हा गोंधळ विद्यार्थ्यांना फार छळतो. यंत्र, विद्युत किंवा इलेक्ट्रॉनिक्स शाखेच्या पदवीधरापुढे दोन वाटा असतात. एक एम.ई. किंवा एम.टेक.ची; तिथे गणित, साहित्य आणि निर्मितीप्रक्रिया यांवर भर. दुसरी एम.डेस.ची, तिथे वापरणारा माणूस केंद्रस्थानी. १९६९ मध्ये, म्हणजे तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले त्याच वर्षी, स्थापन झालेली पवईची आयडीसी ही दुसऱ्या वाटेवरची देशातील अग्रगण्य संस्था. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एम.डेस. या दोहोंच्या मधोमध असून अभियंत्याला ती विशेष मानवते. पालघर व बोईसर येथे आता अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तेथील मुलांनी पदवीच्या अखेरच्या वर्षाचा प्रकल्प निवडतानाच ही चाचपणी करून पाहावी. विषयांना तोटा नाही. सातपाटीच्या बंदरावर उतरणारी मासळी आहे, घोलवडचे लवकर मऊ पडणारे चिकू आहेत. विकत आणलेल्या तयार प्रकल्पापेक्षा बर्फाच्या पेटीत किंवा फळांच्या खोक्यात केलेली एखादी छोटी सुधारणा मुलाखतीत अधिक काळ बोलता येईल अशी असते.

ही पदवी प्रत्येकाने घ्यावी असे मात्र नाही. घरची निकड असेल, तर दोन वर्षांचे वेतन सोडणे सोपे नसते. 'गेट' उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त एम.टेक.ला प्रवेश घेणाऱ्यांसाठी दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती आहे, पण घरी पैसे पाठविण्याइतकी ती नव्हे. शिवाय परत आल्यावर तारापूरमध्येच असे काम मिळेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. स्वतःचा विकास विभाग असलेले कारखाने येथे आहेत, पण दुसऱ्याच्या आराखड्यावर 'जॉबवर्क' करणारे पुष्कळ आहेत. कामाचा दोन-तीन वर्षांचा अनुभव घेऊन मग जाणाऱ्याला हा अभ्यासक्रम अधिक उमगतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कोणता भाग वारंवार मोडतो आणि कामगार तो दोरीने बांधून कसा चालवितात, हे त्याने पाहिलेले असते.

प्रवेशासाठी एम.टेक.ला 'गेट' आणि आयडीसीतील एम.डेस.ला 'सीड' ही परीक्षा द्यावी लागते. बंगळूरला दोहोंपैकी कोणतीही चालते. राज्यातील महाविद्यालयांचे एम.ई. व एम.टेक. प्रवेश राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाच्या केंद्रीय प्रक्रियेतून होतात. 'सीड' साधारणपणे जानेवारीत आणि 'गेट' फेब्रुवारीत होत असून दोहोंचे अर्ज पावसाळा सरता सरता निघतात. 'सीड'ला वयाची अट नाही. तिच्या दुसऱ्या भागात हाताने चित्र काढून कल्पना मांडावी लागते. अभियांत्रिकीच्या बहुतेक मुलांची पेन्सिल पहिल्या वर्षाच्या आरेखनानंतर सुटलेली असते. ती अर्ज भरण्याच्या आधीच, उन्हाळ्याच्या सुटीत, पुन्हा हाती घ्यावी.