एका बिस्किटावर चालणारा रेडिओ

एक कोडं घालते. एका मारी बिस्किटावर रेडिओ किती वेळ चालेल?

बिस्किट रेडिओत कोंबायचं नाहीये. ते तुम्ही खायचं. मग रेडिओच्या कडेला दुमडून ठेवलेलं छोटं हँडल उघडायचं आणि घर्रर्र घर्रर्र फिरवायचं. सेल नाहीत, वायर नाही, प्लग नाही. बिस्किट पोटात, तिथली ताकद दंडात, दंडातून हँडलमध्ये आणि हँडलमधून रेडिओत. बातम्या सुरू!

अंदाज करून ठेवा. पाच मिनिटं? अर्धा तास? उत्तर सांगायच्या आधी जरा या रेडिओचं पोट उघडून बघू.

आत असतो एक डायनॅमो. म्हणजे तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि तिच्याजवळ फिरणारं लोहचुंबक. तारेजवळून चुंबक हललं की तारेत वीज वाहू लागते, हे मायकल फॅरडेनं १८३१ साली दाखवलं. कोयनेच्या वीजघरातली अगडबंब यंत्रं याच तत्त्वावर चालतात. तिथं पाणी चाक फिरवतं, इथं तुमचा हात. हात काही फार वेगानं फिरत नाही, म्हणून मध्ये दातेरी चाकं बसवलेली असतात. हँडलचा एक फेरा झाला की डायनॅमोचे कितीतरी फेरे होतात. ती घरघर त्या दात्यांचीच.

यातली एक गंमत मला फार आवडते. डायनॅमोला काहीच जोडलेलं नसेल, तर हँडल हलकं फिरतं. दिवा किंवा बॅटरी जोडली की तेच हँडल एकदम जड होतं! आजोबांच्या जुन्या सायकलला डायनॅमो असेल तर विचारा त्यांना. रात्री दिवा लावला की पायडल मारताना पोटऱ्या भरून यायच्या. वीज फुकट मिळत नाही. जेवढी हवी तेवढा जोर लावावाच लागतो.

आता हिशेब. वही घ्या.

बिस्किटाच्या पाकिटावर बारीक अक्षरांत ऊर्जा लिहिलेली असते. एका मारी बिस्किटात साधारण २५ किलोकॅलरी धरू. म्हणजे जवळपास १ लाख ज्यूल. पण आपले स्नायू भलतेच उधळे! त्यातला बराचसा भाग ते अंग तापवण्यात घालवतात आणि जेमतेम पाचवा हिस्सा हँडलपर्यंत पोचवतात. उरले २० हजार. दातेरी चाकं, डायनॅमो आणि फिरवलेली वीज साठवून ठेवणारी आतली छोटी बॅटरी मिळून त्यातले निम्मे खातात असं धरू. उरले १० हजार ज्यूल. आणि छोटा रेडिओ हळू आवाजात चालत असेल, तर सेकंदाला लागतो फक्त एक दशांश ज्यूल.

करा भागाकार. १ लाख सेकंद. जवळजवळ २८ तास!

अर्थात नुसतं बिस्किट खाऊन बसलं तर काही होणार नाही. थोडं थोडं करून एकूण दीड-पावणेदोन तास हँडल फिरवावं लागेल. पण २८ तास! त्याच १० हजार ज्यूलवर छताचा पंखा दोन मिनिटं फिरून गप्प बसेल. मोबाइल पूर्ण चार्ज करायचा म्हटलं, तर अशा छोट्या डायनॅमोवर कितीतरी तास न थांबता घरघर करावी लागेल. पाकिटावर ‘मोबाइलही चार्ज होतो’ असं छापलेलं असतं, ते खोटं नाही. पण तुमच्या खांद्याला विचारून छापलेलं नाही. दहा मिनिटं फिरवून ‘मी ठीक आहे’ एवढं सांगण्यापुरता फोन जिवंत झाला, तरी पुष्कळ.

मग रेडिओच इतका मितभाषी, आपलं, मितभोजी कसा? कारण खरा खर्च बोलणाऱ्याचा असतो. प्रक्षेपण केंद्रातला ट्रान्समीटर हजारो वॉट खर्चून लहरी चहूकडे सोडतो. आपल्या रेडिओच्या एरिअलवर त्यातला जो अंश पडतो, तो एका वॉटच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. रेडिओनं करायचं एवढंच, की तो अंश ओळखायचा, मोठा करायचा आणि स्पीकरचा कागदी पडदा थरथरवायचा. यात बरीचशी वीज त्या थरथरवण्यातच जाते. इअरफोन लावले तर आणखी कमी.

रेडिओ हा गावातल्या दवंडीसारखा असतो. ऐकणारे दहा असोत की दहा हजार, दवंडी पिटणाऱ्याचे कष्ट तेवढेच. मोबाइलचं तसं नसतं. वादळाच्या रात्री सगळ्यांनी एकदम फोन लावले की टॉवरवर गर्दी होते आणि कुणालाच लागत नाही. वर वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतो, आणि ती काही तासांत संपते.

आता हा रेडिओ ज्याच्या डोक्यातून निघाला, त्या माणसाकडे जाऊ. ट्रेव्हर बेलिस. लंडनजवळ थेम्स नदीत ईल पाय नावाचं चिमुकलं बेट आहे, तिथं तो राहायचा. हा काही विद्यापीठातला प्राध्यापक नव्हे. पट्टीचा पोहणारा होता. बर्लिनच्या सर्कशीत ‘रामसेस दुसरा’ असं इजिप्तच्या राजाचं नाव घेऊन पाण्याखाली बंधनातून सुटका करून दाखवायचा! त्या कमाईतून बेटावर घर बांधलं. घरात कार्यशाळा, कार्यशाळेत हत्यारं आणि पसारा.

१९९१ साली तो टीव्हीवर एक कार्यक्रम बघत होता. आफ्रिकेत एड्स पसरतोय, लोकांपर्यंत माहिती पोचवायला रेडिओ हा चांगला मार्ग आहे. पण खेड्यांत वीज नाही आणि सेल परवडत नाहीत, असं त्यात सांगत होते. बेलिसला एकदम जुना ग्रामोफोन आठवला, चावी देऊन वाजवायचा. चावीवर एवढं मोठं गाणं वाजतं, तर रेडिओ का वाजू नये? तो उठला आणि कार्यशाळेत गेला. सुताराचा हातानं फिरवायचा ड्रिल घेतला, त्याला एक छोटी मोटर जोडली, मोटरच्या तारा ट्रान्झिस्टरला लावल्या आणि ड्रिल फिरवू लागला. रेडिओ बोलला!

मोटरला वीज दिली की ती फिरते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मोटर आपण फिरवली की ती वीज देते. बेलिसनं तीच उलटी चाल खेळली.

पण ड्रिल फिरवत बसलं तर हात रेडिओतच अडकणार. भाकऱ्या कुणी थापायच्या? गुरं कुणी बघायची? म्हणून त्यानं स्प्रिंग घातली. इथं त्याचं खरं डोकं दिसतं. चावीची गाडी खेळला आहात ना? सोडली की सुसाट, मग हळू, मग रडतखडत. स्प्रिंग उलगडते तसा तिचा जोर ओसरतो. रेडिओला हे चालणार नाही. बेलिसनं वापरली वेगळ्या जातीची स्प्रिंग: पोलादाची लांब, पातळ पट्टी, एका रिळावरून दुसऱ्या रिळावर गुंडाळली जाणारी. तिला स्वतःच्या रिळावर परत जायची ओढ असते आणि ती ओढ पहिल्या वेढ्यापासून शेवटच्या वेढ्यापर्यंत जवळपास सारखीच राहते. दोन मिनिटं चावी दिली की रेडिओ १४ मिनिटं एका सुरात वाजायचा.

कंपन्यांनी मात्र त्याला दारातूनच परत पाठवलं. एक नाही, कितीतरी. १९९४ साली बीबीसीच्या ‘टुमॉरोज वर्ल्ड’ या विज्ञान कार्यक्रमात रेडिओ दिसला, तेव्हा कुठं भांडवल उभं राहिलं आणि दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला कारखाना निघाला. तिथं काम करणाऱ्यांत अपंग माणसंही होती. बेलिसला ते विशेष वाटलं असणार, कारण त्याआधी त्यानं अपंगांसाठीच खूप उपकरणं बनवली होती. नेल्सन मंडेलांनीही या रेडिओचं कौतुक केलं.

पुढे रेडिओ बनवणाऱ्या कंपनीनं ती पोलादी पट्टी काढून टाकली आणि चार्ज होणारी बॅटरी बसवली. मला त्या पट्टीबद्दल जरा वाईट वाटतं, पण बदल बरोबरच होता. पट्टी जड, आणि तिच्यात साठणारी ऊर्जा बोटभर बॅटरीपेक्षाही खूप कमी. बेलिसला स्वतःला यातून फारसे पैसे मिळाले नाहीत. त्यानं तोंड पाडलं म्हणता? २००१ मध्ये तो चालताना वीज तयार करणारे बूट घालून नामिबच्या वाळवंटात १०० मैल चालून आला! बूट बाजारात आले नाहीत, ती गोष्ट वेगळी.

बॅटरी आली तसं छोटं सौर पॅनेलही डोक्यावर बसलं. २००३ साली खास मुलांसाठी असा ‘लाइफलाइन’ रेडिओ निघाला. रवांडात आईवडील गमावलेली मुलं स्वतःच घर चालवत होती, त्यांच्या हाती तो गेला. दिवसा उन्हात ठेवायचा, रात्री फिरवायचा.

पॅनेल किती वीज देतं? तळहाताएवढ्या पॅनेलला कडक उन्हात अर्धा ते एक वॉट मिळाला तरी खूप. तेवढ्यात रेडिओ मजेत चालतो आणि थोडी वीज बॅटरीत जातेही. पण ढग दाटले की तीच वीज दहाव्या हिश्शावर येते. आणि वादळ येतं तेव्हा आभाळ कसं असतं? ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं तेव्हा हेच झालं. विजेचे खांब आडवे झाले, कोकणातल्या किती गावांत आठवडेच्या आठवडे अंधार, मोबाइल मुके. वर पावसाळा तोंडावर. अशा वेळी सूर्यावर भिस्त ठेवून चालत नाही, हँडल लागतंच.

आणि नुसतं एफएम असून भागत नाही. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की अडतात, आणि कोकणात डोंगरांना काय तोटा! मध्यम लहरी जमिनीला धरून पुढे पुढे जातात आणि लांबचं केंद्रही पकडू देतात. संकटासाठी रेडिओ घ्यायचा तर दोन्ही हवं.

ऐकायला चिमूटभर वीज पुरते, पण बोलायचं झालं तर? तेही लोकांनी हातापायांनी केलंय. ऑस्ट्रेलियात १९२८ साली उडत्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली. घरं एकमेकांपासून शेकडो किलोमीटर लांब, डॉक्टरला बोलवायचं कसं? आल्फ्रेड ट्रेगर या इंजिनिअरनं आधी हातानं फिरवायचा डायनॅमो करून पाहिला. पण संदेश मोर्सच्या, म्हणजे टिंब-रेघांच्या, कडकट्टात पाठवायचा, त्याला हात मोकळे हवेत. मग त्यानं सायकलचे पायडल लावले! खुर्चीत बसायचं, पाय मारायचे, हातांनी संदेश पाठवायचा. लोकांना मोर्स येईना, तेव्हा त्यानं टाइपरायटरसारखा कळफलक केला: अक्षर दाबलं की मोर्स आपोआप.

दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडलेल्या वैमानिकांसाठी अमेरिकेचा एक पिवळा खोका होता, ‘गिब्सन गर्ल’. मध्ये कंबरेसारखा बारीक, म्हणजे गुडघ्यांत धरता यावा. हँडल फिरवलं की ‘वाचवा’ सांगणारा एसओएस संदेश आपोआप जायचा. आणि एरिअल? तराफ्यावर खांब कुठून आणायचा! खोक्याबरोबर एक पतंग मिळायचा. त्याच्या दोरीच्या जागी तार, सुमारे ३०० फूट. जीव वाचवायला पतंग उडवायचा. संक्रांतीला घरच्यांना सांगून बघा, पतंगाचा सराव किती गरजेचा आहे ते.

आता बेलिसची उलटी चाल तुम्ही खेळा. मोडक्या खेळण्यातली छोटी मोटर काढा. तिच्या दोन तारांना एक लाल एलईडी जोडा. मोटरच्या दांड्याला दोरा आठ-दहा वेढे गुंडाळा, मोटर घट्ट धरा आणि भोवरा सोडताना देतो तसा दोरा झटक्यात ओढा. अंधाऱ्या खोलीत करा, कारण उजेड क्षणभरच पडतो. नाहीच पडला, तर एलईडीचे पाय उलटे जोडून पुन्हा झटका द्या. त्याच्यातून वीज एकाच बाजूनं जाते. आणि सेल जोडलेला नाही ना, ते आधी तपासा. नाहीतर मोटर फिरेल आणि दोरा बोटाला गुंडाळला जाईल.