ईस्टरनंतरचे ५० दिवस

उपवासकाळाचे ४० दिवस आम्ही ख्रिस्ती माणसे नेमाने पाळतो; ईस्टरचा आनंद मात्र रविवारच्या जेवणाबरोबर आटोपतो. वास्तविक पेंटेकॉस्टपर्यंतचे ५० दिवस पुनरुत्थानाच्या आनंदाचेच!

लूकच्या शुभवर्तमानात अम्माऊसच्या वाटेवर दोन खचलेल्या शिष्यांना सोबत चालणारा प्रभू ओळखता आला नाही. संध्याकाळ झाली म्हणून त्यांनी त्या अनोळखी वाटसरूला आग्रहाने थांबवून घेतले. त्याने भाकर मोडली, तेव्हा त्यांना ओळख पटली.

मला वाटते, ईस्टरचा विश्वास असा ताटावर उतरायला हवा. अंत्यविधीला सारी मंडळी जमते. महिन्याभराने त्या घराची कडी कोण वाजवतो? मरणाने सारे संपत नाही, हे एकट्या पडलेल्या विधवेला प्रवचनापेक्षा आपल्या सोबतीनेच अधिक पटेल.