खचलेल्या जमिनीतून परतलेली कॉर्व्हेट

१२ फेब्रुवारी २०१४. अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीन शहरात, राष्ट्रीय कॉर्व्हेट संग्रहालयात पहाटे पावणेसहाच्या सुमाराला धोक्याची घंटा वाजली. आत चोर शिरला नव्हता. ‘स्कायडोम’ नावाच्या गोल दालनाची जमीनच खचली होती आणि तिथे मांडलेल्या आठ कॉर्व्हेट गाड्या जवळपास तीस फूट खोल खड्ड्यात कोसळल्या होत्या. संग्रहालय बंद असल्यामुळे कुणालाही इजा झाली नाही. हा सारा मुलूख चुनखडीच्या खडकाचा. पाणी मुरत जातं, खडक आतून विरघळतो, पोकळ्या वाढतात आणि एखाद्या दिवशी वरचं छत बसतं. जगातली सर्वांत लांब ज्ञात गुहा, मॅमथ केव्ह, याच परिसरात आहे.

कोसळलेल्या आठांमध्ये १९६२ची एक काळीभोर कॉर्व्हेट होती. एका माणसाने ती तरुणपणी घेतली, अनेक दशकं सांभाळली आणि पुढे आपण होऊन संग्रहालयाला दिली. या गाडीची गोष्ट समजून घ्यायची, तर आधी तिचं घराणं पाहायला हवं.

दुसऱ्या महायुद्धात युरोपात गेलेले अमेरिकी सैनिक तिथल्या छोट्या, चपळ, दोन आसनी गाड्यांच्या प्रेमात पडले. त्यांच्या देशात मात्र लांबरुंद, जड गाड्यांचं राज्य होतं. जनरल मोटर्सचे रचनाप्रमुख हार्ली अर्ल यांनी ही उणीव हेरली. जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलातल्या प्रदर्शनात शेवरोलेने कॉर्व्हेटचा नमुना मांडला. लोकांना तो इतका आवडला, की त्याच वर्षी ३० जूनला मिशिगनमधल्या फ्लिंट इथे उत्पादन सुरूही झालं. पहिल्या वर्षी ३०० गाड्या बनल्या, सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. अंग पत्र्याचं नव्हे, फायबरग्लासचं. पत्रा ठोकण्यासाठी लागणारे महागडे साचे बनवण्यात जाणारा वेळ आणि पैसा त्यामुळे वाचला.

रूप देखणं होतं, पण दम नव्हता. इंजिन सहा सिलिंडरचं, दीडशे अश्वशक्तीचं, आणि गिअर दोनच, तेही स्वयंचलित. १९५५ मध्ये अवघ्या ७०० गाड्या बनल्या. प्रकल्प गुंडाळण्याची वेळ आली होती. तिथून कॉर्व्हेटला वर काढण्यात मोठा वाटा झोरा आर्कस-डुंटॉव्ह यांचा. बेल्जियममध्ये रशियन ज्यू आईवडिलांच्या पोटी जन्मलेला हा अभियंता नाझींच्या तावडीतून निसटून अमेरिकेत पोहोचला होता. प्रदर्शनात कॉर्व्हेट पाहून त्यांनी शेवरोलेला पत्र लिहिलं आणि १९५३ मध्येच ते कंपनीत रुजू झाले. तरुणांना वेगाची ओढ आहे, त्यांच्या हाती तशी यंत्रं द्या, असं त्यांनी वरिष्ठांना लेखी बजावलं. १९५५ मध्ये व्ही-आठ इंजिन आलं. १९५७ मध्ये इंधन फवारणारी इंजेक्शन यंत्रणा आली आणि २८३ घनइंचांच्या इंजिनातून २८३ अश्वशक्ती मिळू लागली.

१९६२ची गाडी म्हणजे या पहिल्या पिढीचं परिपक्व रूप. इंजिन आता ३२७ घनइंचांचं, म्हणजे सुमारे ५.४ लिटरचं झालं होतं आणि इंजेक्शन घेतल्यास ताकद ३६० अश्वशक्तीपर्यंत जात होती. त्या वर्षी १४,५३१ गाड्या बनल्या. पुढच्याच वर्षी स्टिंग रे आली. तिच्या मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन मिळालं आणि पुढचे दिवे बोनेटमध्ये दडले. मागचा अखंड, जड आस आणि उघडे गोल दिवे घेऊन निघालेली शेवटची जुनी कॉर्व्हेट ती १९६२चीच.

खड्ड्यातून आठही गाड्या क्रेनने एकेक करून वर काढल्या. सर्वांत आधी निघालेली २००९ची निळी झेडआर-१ चक्क सुरू झाली आणि आपल्या चाकांवर चालत बाहेर आली. बाकीच्यांपैकी काहींचा मात्र ओळखू न येण्याइतका चेंदामेंदा झाला होता. सगळ्या गाड्या पुन्हा उभ्या करायच्या, असा पहिला मनसुबा होता. पाहणीनंतर तो बदलला. तीनच दुरुस्त करायच्या ठरल्या: ती निळी झेडआर-१, १९९२ मध्ये तयार झालेली दहा लाखावी कॉर्व्हेट आणि १९६२ची काळी. उरलेल्या पाच आहेत तशाच, मोडलेल्या अवस्थेत मांडायच्या.

मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. त्या पाच गाड्यांत मूळ अंग इतकं थोडं उरलं होतं, की दुरुस्ती म्हणजे जुन्या नावाने नवी गाडी बांधणं झालं असतं. ते खोटं ठरलं असतं. मोडलेल्या स्थितीत त्या निदान घडलेल्या घटनेची खरी साक्ष देतात. 

दहा लाखाव्या गाडीचा प्रश्न वेगळा होता. ती बनवताना कारखान्यातल्या कामगारांनी तिच्या भागांवर आतून सह्या केल्या होत्या. नवे भाग बसवणं सोपं होतं, पण सह्या गेल्या असत्या. म्हणून जनरल मोटर्सच्या कारागिरांनी शक्य तो प्रत्येक भाग जपला. जे वाचणारच नव्हते, त्यांच्यावरच्या सह्या स्कॅन करून नव्या भागांवर उतरवल्या. सप्टेंबर २०१५ मध्ये ती गाडी लोकांपुढे आली.

काळी गाडी संग्रहालयाच्या हाती राहिली. फायबरग्लासचं काम पत्र्यापेक्षा निराळं. त्याला पोचा पडत नाही, ते तडकतं, फाटतं. पोचा ठोकून काढता येतो, तडा नाही. तडकलेली जागा घासून उतरती करायची, काचतंतूंच्या चटया रेझिनमध्ये भिजवून थरावर थर बसवायचे, सुकले की पुन्हा घासून मूळ गोलाई आणायची. फायबर गंजत नाही, पण खालची चौकट पोलादाची असते. ती वाकली असेल तर वरचं सगळं काम वाया. अमेरिकेतले जाणते लोक जुनी कॉर्व्हेट तपासताना आधी इंजिनावरचे ठोकलेले आकडे पाहतात, अंगाचे सांधे जोडणाऱ्या आतल्या पट्ट्या मूळच्या आहेत का ते पाहतात, चकाकी मागाहून. कारखान्यातून निघाली तेव्हा होती त्याहून जास्त गुळगुळीत गाडी त्यांच्या स्पर्धेत गुण गमावते.

१२ फेब्रुवारी २०१८ ला, दुर्घटनेला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, ती काळी कॉर्व्हेट पुन्हा दिमाखात उभी राहिली. 

वारसा जपणं म्हणजे आधी काय हात न लावता ठेवायचं, हे ठरवणं. आपल्याकडेही अनेक घरांत आजोबांची फियाट, जुनी जीप किंवा लॅम्ब्रेटा ताडपत्रीखाली उभी असते आणि उत्साहाच्या भरात ती थेट रंगकामाला जाते. तशी गाडी तुमच्याकडे असेल, तर गॅरेजमध्ये नेण्याआधी तिचे चारही बाजूंनी फोटो काढा, इंजिन आणि चेसिसचे नंबर टिपून ठेवा, जुनी कागदपत्रं एकत्र करा आणि काढलेला एकही मूळ भाग भंगारात देऊ नका. रंग पुन्हा मारता येतो. फेकलेला मूळ भाग परत मिळत नाही.