विणकराचा मुलगा व दोन लक्ष ग्रंथ

संस्कृताचीं रूपें पाठ करतांना ‘या जुन्या भाषेचा उपयोग काय?’ असा प्रश्न पुष्कळ विद्यार्थ्यांच्या मनांत येतो. आणि फीचे पैसे मोजतांना तो कांहीं पालकांच्याही मनांत येत असेल. सुमारें पावणेतीनशें वर्षांपूर्वीं जर्मनींतील एका विणकराच्या घरांत हाच प्रश्न उभा राहिला होता. त्याचें उत्तर काय मिळालें, तें आम्ही येथें थोडक्यांत सांगत आहों.

ख्रिस्तियान गोटलोब हाइने याचा जन्म २५ सप्टेंबर १७२९ रोजीं सॅक्सनींतील केम्निट्स गांवीं झाला. (याच आडनांवाचा प्रसिद्ध जर्मन कवि तो निराळा.) बाप रात्रंदिवस मागावर कापड विणी आणि आई तें विकावयास नेई. गिऱ्हाईक मिळालें नाहीं म्हणजे शनिवारीं सायंकाळीं ती माउली तसेंच कापड घेऊन परत येई व रडत बसे. मुलगा दहा वर्षांचा झाला तेव्हां शेजारच्या एका मुलीस लिहावयास वाचावयास शिकवून तो स्वतःच्या फीपुरते पैसे मिळवूं लागला.

त्या काळीं युरोपांत लॅटिनवांचून वरच्या विद्येचा दरवाजा उघडत नसे. लॅटिनच्या खासगी शिकवणीस आठवड्यास एक ग्रोशेन, म्हणजे एक लहानसें नाणें, पडे. पण तेंही घरांत नव्हतें. एके दिवशीं मुलगा पाव आणावयास आपल्या धर्मपित्याकडे गेला. हा गृहस्थ पाव भाजून विकण्याचा धंदा करी. मुलाचा उतरलेला चेहरा पाहून त्यानें कारण विचारलें, आणि तो ग्रोशेन आपण देऊं असें वचन दिलें. अट एवढीच, कीं दर रविवारीं त्यानें येऊन शुभवर्तमानांतील पाठ म्हणून दाखवावा. मुलाला इतका हर्ष झाला, कीं हातांतला पाव त्यानें उंच उडविला व अनवाणी पायांनीं तो रस्त्यांत नाचूं लागला. पाव मात्र डबक्यांत पडला! घरीं आईला आनंद झाला. बाप तितकासा संतुष्ट झाला नाहीं. दोन वर्षांनीं शिक्षकाजवळ शिकविण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, तेव्हां आतां मुलानें धंद्यास लागावें, असेंच घरांत ठरत होतें.

पण दुसऱ्या एका धर्मपित्यानें, तो पाद्री होता, हात राखून कां होईना, पुढल्या शाळेचा खर्च दिला. पुस्तकांस पैसे नव्हते. म्हणून हाइने सोबत्यांचीं पुस्तकें मागून आणी व धडे उतरून घेई. १७४८ मध्यें तो लाइप्त्सिखच्या विद्यापीठांत गेला. पुढें ड्रेस्डेन येथें मंत्री ब्र्यूल याच्या ग्रंथालयांत वर्षास शंभर थालर पगारावर त्यास कारकुनी मिळाली. परंतु ती मिळेपर्यंत कधीं वाटाण्याच्या रिकाम्या शेंगा खाऊन त्यानें दिवस काढले, आणि जाड ग्रंथ उशास घेऊन तो जमिनीवर निजला.

या ग्रंथालयांत त्यास आपलें जीवितकार्य सांपडलें. छापखाना नसतां ग्रंथ हातानें उतरले जात, व प्रत्येक नकलेंत नव्या चुका शिरत. अनेक प्रती ताडून पाहून मूळ पाठ कोणता तें ठरविणें, हें भाषापंडिताचें पहिलें काम. श्रीएकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तें आपल्याकडील याच जातीचें कार्य होय. हाइनेनें १७५५ मध्यें टिबुलस या रोमन कवीचें काव्य व पुढल्याच वर्षीं एपिक्टेटसचा ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला. इतक्यांत युद्ध पेटलें. नोकरी गेली, आणि १७६० मध्यें प्रशियन तोफांच्या माऱ्यांत त्याचें घरदार व हस्तलिखितें जळून गेलीं.

तथापि जीं दोन पुस्तकें छापून निघालीं होतीं, तीं हॉलंडांतील विद्वान रुन्केन याच्या दृष्टीस पडलीं होतीं. गॉटिंगेन विद्यापीठानें अध्यापकाची जागा रुन्केन यास देऊं केली, तेव्हां त्यानें ती नाकारून हाइनेचें नांव सुचविलें. १७६३ मध्यें हाइने तेथें गेले, तें कायमचेंच. व्हर्जिल, पिंडार व होमर यांच्या काव्यांच्या आवृत्त्या त्यांनीं काढल्या. केवळ शब्दार्थ सांगून ते थांबत नसत. प्राचीन लोकांचे देव, कथा, मूर्ति व चालीरीति समजल्यावांचून त्यांचें काव्य कळत नाहीं, असें ते शिकवीत. आणि यासाठींच त्यांनीं प्राचीन मूर्तींच्या गिलाव्याच्या प्रतिकृतींचा संग्रह केला.

विद्यापीठाचें ग्रंथालयही त्यांच्याच हातीं आलें. सुमारें साठ हजार ग्रंथांचे तेथें सुमारें दोन लक्ष ग्रंथ झाले, आणि ते विद्यार्थ्यांस घरीं नेण्यासही मिळत. ज्या मुलानें उसन्या पुस्तकांवरून धडे उतरले, त्याच्या हातून हें घडावें, यांत आम्हांस मोठें औचित्य दिसतें.

त्यांच्या स्वभावांतील उणीवही आम्ही झांकीत नाहीं. १७७७ मध्यें वुल्फ नांवाचा तरुण केवळ प्राचीन भाषाविद्येचाच विद्यार्थी म्हणून नांव घालूं लागला, तेव्हां या विद्येवर पोट भरणार नाहीं म्हणून हाइने यांनींच त्यास मागें फिरविण्याचा यत्न केला. बापाची काळजी आतां त्यांच्याच मुखांतून बोलत होती! वुल्फनें ऐकलें नाहीं, व तोही मोठा पंडित झाला. पुढें होमरवरून उभयतांत कडवट वाद झाला.

१४ जुलै १८१२ रोजीं, ब्यायशींव्या वर्षीं, हाइने निवर्तले. त्यांच्या व्हर्जिलच्या आवृत्तीची सूचि तयार करणारा शिष्य ऑगस्ट विल्हेल्म श्लेगेल पुढें बॉन येथें संस्कृत शिकवूं लागला, आणि १८२३ मध्यें त्यानें भगवद्गीता लॅटिन भाषांतरासह प्रसिद्ध केली. पाववाल्याच्या ग्रोशेनचें फळ असें आपल्या दारापर्यंत येऊन पोहोंचलें.

विणकर बापास आम्ही दोष देत नाहीं. उपाशी घरांतील भीति खोटी नसते. परंतु मुलाच्या विद्येवर खर्चिलेला पैसा कोठें व केव्हां उगवेल, तें त्या दिवशीं कोणासच सांगतां येत नाहीं. म्हणून पालकांनीं धीर धरावा. आणि विद्यार्थ्यांनीं, हातीं आलेलें प्रत्येक पुस्तक कोणाच्या तरी ग्रोशेननें आलेलें आहे, हें विसरूं नये.