रखमेचे माहेर

पांढुर्णा-सौसर भागातील जुन्या पिढीला रखमा हे नाव परके नाही. मूळ नाव रुक्मिणी. ‘रुक्म’ म्हणजे सोने. मुलताईनजीक, म्हणजे पांढुर्ण्याच्या शेजारीच, उगम पावणारी वर्धा नदी पुढे कौंडिण्यपुरास जाते. तेच या विदर्भकन्येचे माहेर मानतात. तिने पत्र धाडून शिशुपालास नाकारले. बालपणीचे लग्न नाकारून पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंनी (१८६४-१९५५) न्यायालयात तेच धैर्य दाखविले. केवढी ही नावाची सार्थकता! १९५६ साली हा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. कारभाराच्या हिंदीत रुक्मिणीची ‘रुक्मणी’ होते. नव्या मुलींची नावे तर निराळीच. ‘रखमे’ ही हाक आता बहुधा आजीलाच, तीही तिच्या वयाच्या मैत्रिणीने मारलेली.